क्रमांकाचा रकाना

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहात एक लहानसे भांडण झाले. माझ्या खोलीतील मित्र मोबाईलवर एका बँडचे गाणे मोठ्याने ऐकत होता. ढोल फुटावा तसे ड्रम वाजत होते, गिटार गुरगुरत होती आणि गाणारा तर गात नसून डरकाळ्याच फोडीत होता. शेजारच्या खोलीतील एक ज्येष्ठ विद्यार्थी दारात येऊन म्हणाला, “असली गाणी ऐकते कोण? कुठल्या यादीत यांचा नंबर लागला आहे, ते तरी दाखव!” मित्राला उत्तर सुचले नाही. त्याने आवाज कमी केला आणि भांडण मिटले.

भांडण मिटले, पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. गाण्याचा नंबर म्हणजे काय? तो कोण लावतो? आणि ज्याचा लागत नाही ते गाणे वाईट असते काय? शेवटी मी वहीचे एक पान घेऊन त्यावर चार रकाने आखले : बँडचे नाव, ध्वनिमुद्रिका, वर्ष आणि क्रमांक. ते पान भरता भरता मला जे सुचले, ते मित्रहो, आपल्यापुढे ठेवीत आहे.

या संगीताला ‘हेवी मेटल’ म्हणतात. त्याचा उगम बहुतेक जाणकार इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात आणि ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडमध्ये मानतात. त्यातील चौघेही कामकरी वस्तीतील पोरे होती. गायक ऑझी ऑस्बर्न याने कत्तलखान्यात काम केले होते. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, पुढे तारा सैल लावल्या, आणि त्यातूनच तो खर्जातला जड आवाज घडत गेला. घुग्घुस-बल्लारपूरच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात वाढलेल्या आणि खाणीतील सुरुंगाच्या धक्क्याने घरातील भांडी हलताना पाहिलेल्या मुलाला हा आवाज परका कसा वाटावा?

या बँडचा हिशेब लिहिणे सोपे गेले. पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० ची; ती अवघ्या एका दिवसात मुद्रित झाली होती. समीक्षकांनी तिला झोडपले, परंतु इंग्लंडच्या यादीत ती आठव्या क्रमांकावर गेली. त्याच वर्षीची दुसरी, ‘पॅरॅनॉइड’, पहिल्या क्रमांकावर पोहोचली. त्यानंतर या बँडला इंग्लंडमध्ये पुन्हा पहिला क्रमांक मिळाला तो २०१३ साली, ‘थर्टीन’ या ध्वनिमुद्रिकेला, म्हणजे तब्बल ४३ वर्षांनी! मग मधल्या ४३ वर्षांत हे संगीत मेले होते काय? मुळीच नाही. याच काळात ते जगभर पसरले. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्येच या चौघांचा अखेरचा कार्यक्रम झाला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ऑझी वारला.

आता यादीकडे वळू. इंग्लंडमध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी गाण्यांची पहिली क्रमवारी छापली. रेकॉर्ड विकणाऱ्या काही दुकानांना दूरध्वनी करून ती तयार केली होती. योगायोग असा की त्याच वर्षी, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिची क्रमवारी पुढे दुकानांतील रेकॉर्डविक्री आणि श्रोत्यांच्या पत्रांवर ठरू लागली, आणि झुमरी तलैयासारख्या आडगावचे नाव त्या पत्रांनी देशभर नेले. तथापि गीतमालेत गाणी होती ती हिंदी चित्रपटांची. मराठी भावगीत, लावणी, पोवाडा, भजन यांना त्या पायऱ्या नव्हत्याच. म्हणजे यादी खोटे बोलत नाही, पण ती फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. तिला विचारलेला प्रश्न एवढाच असतो : या आठवड्यात काय खपले? गाणे किती दिवस टिकेल, हे तिला कोणी विचारलेलेच नसते.

माझ्या पानावरचे दुसरे नाव आपल्याच महाराष्ट्रातील आहे. मुंबईत २००० साली साहिल मखिजा या तरुणाने ‘डीमॉनिक रेझरेक्शन’ हा बँड काढला. ‘डीमनस्टीलर’ (२०००), ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५), ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०), ‘द डीमन किंग’ (२०१४) आणि ‘दशावतार’ (२०१७) या त्यांच्या मुख्य ध्वनिमुद्रिका. शेवटच्या नावाने आपले कान टवकारले असतील. तीत दहा गाणी आहेत, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एक. कोकणात जो विषय दशावतारी नाटकमंडळी रात्रभर रंगवितात, तोच या मुंबईच्या पोरांनी गिटारीवर मांडला.

या पाचही ओळींपुढचा क्रमांकाचा रकाना माझ्या वहीत कोरा आहे. इंग्लंड-अमेरिकेच्या मोठ्या याद्यांत त्यांना जागा मिळाली नाही, आणि त्या काळी आपल्याकडे चित्रपटाबाहेरच्या इंग्रजी गाण्याला यादीत जागा कुठून मिळणार? पण हा कोरा रकाना पाहून ते थांबले नाहीत. साहिलने ‘डीमनस्टीलर रेकॉर्ड्स’ नावाची स्वतःची कंपनी काढली आणि इतर भारतीय बँडच्या ध्वनिमुद्रिकाही तिच्यातर्फे काढल्या. बँडमधले वादक बदलत गेले, पण मुद्रण थांबले नाही. २०१० साली ‘मेटल हॅमर’ या इंग्लिश मासिकाने त्यांना पारितोषिक दिले. २०१४ साली ते जर्मनीतील वाकेनच्या उत्सवात वाजवून आले. वाकेन हे जेमतेम दोन हजार वस्तीचे खेडे; वर्षातून एकदा तिथे हजारोंच्या संख्येने रसिक गोळा होतात. आपल्या मंडईचेच ते भावंड म्हणावयाचे!

यादीत जागा मिळविणारेही निघाले. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ने ढोल, बासरी आणि हिंदी-पंजाबी शब्द मेटलमध्ये घातले. त्यांची ‘रक्षक’ ही ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी २०२२ मध्ये आली आणि अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’च्या यादीत गेली. त्याचा मला आनंदच आहे. पण म्हणून मुंबईकरांची २२ वर्षांची मेहनत वाया गेली असे कोणी म्हणू नये. आधी कोणीतरी कोऱ्या रकान्यासमोर वाजवीत राहिले, तेव्हा कुठे पुढच्यांना श्रोते मिळाले.

येथपर्यंत आलो आणि वहीत एक ओळ उरली. त्या ओळीत मी लिहिले, ‘झाडीपट्टी’. मग मात्र माझी लेखणी अडली.

आपल्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई भरतात, शंकरपट होतात आणि वडशाच्या कंपन्यांची नाटके गावोगाव पहाटेपर्यंत चालतात. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आठशे निरनिराळ्या भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग, असा त्यांचा लौकिक आहे. नाटकांच्या आधीपासून आपल्याकडे दंडार आहे. माझे आजोबा दंडारीत गात. थंडीच्या रात्री ढोलकी-टाळांच्या साथीत त्यांचा आवाज नदीच्या पलीकडे ऐकू जाई, असे गावातले म्हातारे सांगतात. मी तो ऐकला नाही. तो कोणी मुद्रित केला नाही, आणि त्यांच्या गाण्यांचे शब्द कोणी लिहून घेतले नाहीत. घेणार कोण? आमच्या घरात लिहिता येणारे कोणी नव्हते. महाविद्यालयापर्यंत आलेला मी पहिलाच. आणि मी वही घेऊन बसलो तेव्हा लिहावयाला त्यांचे एकही गाणे उरले नव्हते. मुंबईच्या बँडचा एकच रकाना कोरा आहे. आमची सगळी ओळच कोरी आहे.

आमच्या भांडणातली खरी चूक मला येथे उमगली. ज्येष्ठ मित्राने नंबर विचारला, आणि आम्हीही नंबर नाही म्हणून खजील झालो. वस्तुतः विचारावयाचा प्रश्न ‘नंबर कितवा?’ हा नसून ‘नोंद आहे काय?’ हा आहे. नंबर दुसरे देतात. नोंद मात्र आपली आपण करावी लागते.

कोणी म्हणेल, आता मोबाईल आले, झाडीपट्टीची नाटकेही यूट्यूबवर दिसतात, मग काळजी कशाची? दिसतात खरी, पण गाणे कोणाचे, गाणारा कोणत्या गावचा, प्रयोग कोणत्या साली झाला, हे अनेकदा कळत नाही. नाव-गावाशिवायचे गाणे म्हणजे हजेरीपटात नाव नसलेला विद्यार्थी. तो वर्गात बसलेला दिसतो, पण परीक्षेच्या वेळी सापडत नाही. मेटलवाल्यांची शिस्त पाहा. ध्वनिमुद्रिकेवर कोणी काय वाजविले, कुठे मुद्रित केले, कोणत्या साली, सारे छापलेले असते. आणखी कोणी म्हणेल, परदेशी गोंगाटाकडून आम्ही काय शिकावे? त्यांना नम्रपणे आठवण देतो की आपल्या भजनातली पेटीही युरोपातूनच आली, आणि झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन व ऑक्टोपॅड वाजतातच.

म्हणून एक सूचना करतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी हिवाळ्यात दत्तक गावात होते. नेमका तोच मंडईचा आणि नाटकांचा हंगाम. त्या सात संध्याकाळींपैकी एक संध्याकाळ गावातल्या गाणाऱ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांसाठी राखावी. त्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर मुद्रण करावे. मराठी आणि गोंडी, दोन्ही भाषांतली गाणी घ्यावीत. प्रत्येक गाण्यासोबत एक कागद भरावा : गाणाऱ्याचे नाव, वय, गाव, गाणे कोणाकडून शिकले, तारीख. एक प्रत ग्रंथालयात ठेवावी, एक गाणाऱ्याच्या घरी द्यावी. याला अनुदान लागत नाही, फार तर एक वही लागते. मराठी विभागातील गुरुजनांनी मनावर घेतले तर येत्या शिबिरापासूनच हे सुरू होईल.

त्या कागदावर मी पाचच रकाने आखीन. त्यांत क्रमांकाचा रकाना नसेल.

— बी. ए. द्वितीय वर्ष