किती किलो उतरले?

वजन कमी करायच्या सर्जरीबद्दल आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो. "किती किलो उतरले?" बस्स. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत तोच, लोअर परळच्या ऑफिसात कॉफी मशीनपाशी तोच, आणि पेपरच्या पहिल्या पानावरही तोच. माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्यामुळे लोक ऑपरेशनही चुकीच्या कारणासाठी निवडतात. आज त्यावरच भांडायचंय. शनिवार आहे, वेळ आहे :)

आधी आमचा बायोडेटा. उंची १७३ सेंटीमीटर, वजन ११८ किलो, बीएमआय साडेएकोणचाळीसच्या आसपास. शुगर आहे, गोळ्यांनी ताब्यात आहे. रात्री छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येतं, दोन उशा घेऊन झोपतो. वय वर्षे अठ्ठावीस. तेव्हा हा विषय माझ्यासाठी "जनरल नॉलेज" नाही.

आता २०१७ साल आठवा. मुंबईत त्या वर्षी या विषयावर दोन तमाशे झाले, दोन्ही फेब्रुवारीत. पहिला ईमान अहमदचा. ईजिप्तमधल्या या बाईला ११ फेब्रुवारीला मालवाहू विमानातून आणलं, क्रेनने उचलून चर्नी रोड स्टेशनजवळच्या सैफी हॉस्पिटलात नेलं. वजन साधारण ५०० किलो सांगितलं जात होतं. ७ मार्चला डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या टीमने तिची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी केली. त्यानंतर क्रिकेटच्या स्कोअरसारखे आकडे येत राहिले. आज इतके उतरले, उद्या तितके! एप्रिलमध्ये हॉस्पिटल म्हणत होतं ३०० किलोहून जास्त घटले, बहीण म्हणत होती आकडे खोटे आहेत, आणि सगळं शहर वजनकाट्यावरून भांडत बसलं. ४ मे रोजी तिला अबूधाबीला हलवलं. २५ सप्टेंबर २०१७ला ती तिथेच गेली. हृदय आणि किडनी.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कोपऱ्यात राहून गेली. तिच्या जनुकीय तपासणीत लेप्टिन रिसेप्टरच्या जनुकात दोष सापडला होता. लेप्टिन म्हणजे चरबीकडून मेंदूला जाणारा "पोट भरलंय, आता पुरे" असा निरोप. निरोप घेणारा रिसेप्टरच बिघडलेला असेल तर जठर कितीही कापा, मेंदूला भूकच ऐकू येणार. डॉक्टरांनी काय करायला हवं होतं हे सांगायची माझी लायकी नाही, त्यांच्यासमोर तर जीव वाचवायचा प्रश्न होता. मुद्दा आपला आहे, बघणाऱ्यांचा. आजार कुठे आहे हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांनी विचारलं, किती किलो?

दुसरा तमाशा २१ फेब्रुवारीचा, महापालिका निवडणुकीच्या दिवशीचा. शोभा डे यांनी एका लठ्ठ पोलिसाचा फोटो टाकून "हेवी बंदोबस्त" असा विनोद केला. तो माणूस मुंबई पोलिसांतला नव्हताच, मध्य प्रदेशातला निघाला, आणि लठ्ठपणा आजारामुळे आहे असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच महिन्यात त्याचंही इथेच ऑपरेशन झालं आणि त्याच्याही किलोंच्या बातम्या आल्या. २०११मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत सर्जरी करून घेतली तेव्हाही लोकांना गडकरींच्या शुगरपेक्षा त्यांच्या शर्टाच्या साइझमध्ये जास्त रस होता.

म्हणजे बघा, दोन टोळ्या आहेत. एक हसणारी: "जिभेवर ताबा नाही, निघाले पोट कापायला", "रोज शिवाजी पार्कला चार फेऱ्या मार, काय बिशाद वजन राहील!" दुसरी विकणारी: आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मध्ये बाण. वरवर एकमेकांच्या विरुद्ध, पण दोघींचं मोजमाप एकच. वजनकाटा.

आता जरा हिशेब मांडू. (इंजिनिअर आहे, सवय जात नाही.) आज मुख्य पर्याय तीन.

पहिला, स्लीव्ह. जठराचा सुमारे पाऊण भाग कापून कायमचा काढून टाकतात, केळ्याच्या आकाराची नळी उरते. आतड्याला हात लावत नाहीत. भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात बनतं, म्हणून भूकही कमी होते. आज जगात सगळ्यात जास्त हीच होते. अनडू नाही, कारण काढलेला भाग परत येत नाही.

दुसरा, रू-एन-वाय बायपास. जठराच्या वरच्या टोकाला छोटीशी पिशवी करतात, तिला खालचं आतडं थेट जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न तिकडे फिरकत नाही. शुगरवर याचा परिणाम चांगला. २०१९च्या नॉर्वेतल्या अभ्यासात मधुमेह असलेल्या शंभर लोकांमागे साधारण ७४ जणांची शुगर वर्षभरात बायपासने गोळ्यांशिवाय आटोक्यात आली, स्लीव्हने ४७ जणांची. पण उरलेल्या जठरात साध्या एंडोस्कोपीने पोचता येत नाही, जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो, आणि लोह, कॅल्शियम, बी-१२ आयुष्यभर घ्यावं लागतं. (स्लीव्हलाही तपासण्या आणि गोळ्या चुकत नाहीत बरं का.)

तिसरा, मिनी बायपास. दोन जोडांऐवजी एकच जोड. नाव मिनी, पण परिणाम मिनी नाहीत. २०१९च्या फ्रान्समधल्या अभ्यासात वजनाच्या बाबतीत तो रू-एन-वायच्या तोडीस तोड निघाला, पण जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी जास्त आल्या. शिवाय पित्त वर उलटण्याची शक्यता असते.

गॅस्ट्रिक बँडचा जमाना जवळपास संपला. बलून म्हणजे सर्जरीच नाही, काही महिन्यांनी तो काढावा लागतो.

आता माझा खरा मुद्दा. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि रू-एन-वाय यांची तुलना करणारा स्लीव्हपास नावाचा अभ्यास झाला. लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं आणि दहा वर्षं पाठपुरावा केला. निकाल २०२२मध्ये आले. जादा वजनापैकी स्लीव्हने सरासरी साडेत्रेचाळीस टक्के कमी झालं, बायपासने जवळपास एक्कावन्न टक्के.

हे माझ्यावर लावून बघतो. बीएमआय २५ धरला तर माझं वजन पंच्याहत्तर किलो हवं. म्हणजे जादा त्रेचाळीस. स्लीव्हने दहा वर्षांनी सरासरी एकोणीस किलो कमी, बायपासने बावीस. फरक किती? तीन किलो! गणपतीचे दहा दिवस मोदकांवर आडवा हात मारला तर होईल तेवढा. आणि ब्रोशरमधला "नंतर"चा फोटो सत्तर किलोचा असतो, ते वेगळंच.

पण त्याच अभ्यासात दहा वर्षांनी एंडोस्कोपी केली तेव्हा अन्ननलिकेला सूज आणि जखमा स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के लोकांना सापडल्या, बायपासवाल्यांत ७ टक्के. एकतीस आणि सात! कारण साधं आहे. स्लीव्हनंतर जठर म्हणजे एक अरुंद नळी, आतला दाब वाढतो, ॲसिड वर ढकललं जातं. म्हणजे दोन उशा घेऊन झोपणाऱ्या माणसाला किलोंमध्ये तीनचा फरक आणि जळजळीत चौपटीहून जास्त. सांगा, निवड कशावर करायची?

आणि आता ऐका. मी एका मोठ्या हॉस्पिटलात (नाव नको) चौकशीला गेलो होतो. काऊन्सेलर बाई फार गोड बोलल्या. लॅमिनेट केलेला कागद पुढे केला: स्लीव्हचं पॅकेज, बायपासचं पॅकेज, रूम डिलक्स की शेअरिंग, आणि "सर, तुमच्या वयाचे सगळे स्लीव्हच घेतात." घेतात! मोबाईल आहे का? वीस मिनिटांत छातीत जळजळ होते का हे एकदाही विचारलं नाही. एंडोस्कोपी? "ती ॲडमिशननंतर होईल, रूटीन आहे." ज्या तपासणीवर निवड व्हायची ती निवडीनंतर. रिक्वायरमेंट न घेता सोल्युशन विकणं आमच्या धंद्यातही चालतं म्हणा, पण आमचं सॉफ्टवेअर बिघडलं तर पॅच टाकता येतो.

जळजळ हा एक प्रश्न झाला. असे अजून किती तरी आहेत, आणि ते सगळे आपल्या रोजच्या जगण्यातले आहेत. डोकं दुखलं की काँबिफ्लाम घेणाऱ्यातले तुम्ही आहात का? बायपासनंतर त्यातलं आयबुप्रोफेन अल्सरला आमंत्रण आहे, सिगारेटही तशीच. शुक्रवारी टीमबरोबर बसता? बायपासनंतर दारू भराभर रक्तात जाते, दोन पेगात चार पेगांचं काम होतं. गोड आवडतं? शिरा किंवा बासुंदी थेट आतड्यात उतरली की घाम, धडधड, चक्कर, त्याला डंपिंग म्हणतात. शाकाहारी आहात, श्रावण कडक पाळता? दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रोटीन लागतं, साबुदाण्याच्या खिचडीतून ते येत नाही. आणि बी-१२ तर आपल्याकडे आधीच अनेकांचं तळाला असतं.

मुलींना सांगितलं जातं, "लग्नाआधी उरकून घे." त्याच तोंडाने वर्षभरात पाळणा हलावा अशी अपेक्षा असते. सर्जरीनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळा असं डॉक्टर सांगतात. हे स्थळ बघणाऱ्या मावशींना माहीत असतं का? किती किलो उतरले ते मात्र बरोब्बर माहीत असतं!

मेडिक्लेमची गंमत तर वेगळीच. आयआरडीएच्या प्रमाणित कलमानुसार लठ्ठपणाच्या सर्जरीचा खर्च मिळायला बीएमआय चाळीस हवा, किंवा पस्तीस अधिक गंभीर आजार: हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा ताब्यात नसलेला मधुमेह. शब्द नीट वाचा. ताब्यात नसलेला. म्हणजे मी शहाण्यासारखा रोज गोळ्या घेतो म्हणून अपात्र, आणि गोळ्या फेकून शुगर चढवली तर पात्र. दुसरीकडे सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२मध्येच आशियाई लोकांसाठी साडेसत्तावीस बीएमआयपासून सर्जरीचा विचार करावा असं सांगितलंय, कारण आपल्या शरीरात मधुमेह कमी वजनावरच शिरतो. इथेही पुन्हा काट्याचाच निकष. आजार मोजायचाच नाही.

कुणी म्हणेल, आता इंजेक्शनं आली ना! आली. मौंजारो मार्च २०२५मध्ये, वेगोव्ही जूनमध्ये. चांगली औषधं आहेत, त्यांनाही टेबलावर जागा हवी. पण बंद केली की बहुतेकांचं वजन परत चढतं. आणि त्यांच्याबद्दलही पहिला प्रश्न कोणता? बरोबर ओळखलंत.

मी सर्जरीच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. लठ्ठपणा हा आजार आहे, आळशीपणाचं सर्टिफिकेट नाही, आणि सर्जरी हा त्यावरचा आज असलेला सगळ्यात टिकाऊ उपाय आहे. ज्यांना जळजळ नाही, ज्यांना पेनकिलरशिवाय गत्यंतर नाही, ज्यांच्या आतड्याची आधी ऑपरेशनं झालीत, त्यांच्यासाठी स्लीव्ह उत्तम असू शकते. माझा विरोध आहे तो "सगळे हीच घेतात" या वाक्याला.

थोडक्यात काय, तर सर्जनसमोर बसाल तेव्हा हे विचारा: आधी एंडोस्कोपी करणार का? माझ्या आजारांना यातली कुठली मानवेल आणि का? दहा वर्षांनी काय होतं? पाठपुरावा कोण करणार, तुम्ही की तुमची काऊन्सेलर? तुम्ही स्वतः तिन्ही करता की एकच? (हा शेवटचा फार महत्त्वाचा. ज्याला एकच येतं तो सगळ्यांना तेच सांगणार.) चिडले तर दुसरा सर्जन बघा. मुंबईत तोटा नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर पुढच्या आठवड्यात एंडोस्कोपी आहे, माझ्याच खर्चाने आणि माझ्याच हट्टाने. अन्ननलिकेला जखम निघाली तर स्लीव्ह बाद, मग ती कितीही स्वस्त असो. बायपास करायचा झाला तर काँबिफ्लाम आणि शुक्रवार दोन्ही सोडावे लागतील, त्याची तयारी आहे. मेडिक्लेमवाल्यांशी पत्रव्यवहार सुरू केलाय, तो बहुधा ऑपरेशनपेक्षा लांबेल.

आणि वर्षभराने बिल्डिंगच्या जिन्यात कुणी विचारलंच, "काय रे, किती किलो उतरले?", तर सांगणार आहे: काका, एका उशीवर झोपतो आता.