कान कुणाच्या ताब्यात?

दोस्तहो, जात आधी कानात शिरते, मग डोक्यात. गौतम धर्मसूत्र काढून बघा. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेलं शिसं नि लाख ओता, असं त्यात लिहून ठेवलंय. लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं, की ज्यानं ऐकलं तो विचारणार.

कान बंद केला, आणि गळ्यात काय घातलं? 'जोहार मायबाप'. बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या वाकून तोच आवाज काढला. तोंडातून रोज निघणारा आवाज मनाला वळण लावतो, कणा वाकवतो. म्हणून 'जोहार' फेकून 'जय भीम' म्हटलं तेव्हा नुसता शब्द बदलला नाही. मान वर झाली.

ही मान कुणी वर केली? चळवळीनं, आणि खेड्यापाड्यात ती चळवळ नेली जलशांनी. आमच्या नाशिक रोडहून मनमाडकडं गाडी निघाली की कसबे सुकेणे लागतं. भीमराव कर्डक तिथले. 1930 साली नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याच दशकात त्यांचा जलसा गावोगाव हिंडत होता. ढोलकी तीच, तमाशाचा बाज तोच. पण गणातला गणपती गेला, गवळण गेली, तिथं बाबासाहेबांचा विचार आला. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याला चळवळ कानानं वाचता आली. इकडं पुण्याच्या वाटेवर सिन्नर तालुका, त्यातलं देशवंडी हे वामनदादा कर्डकांचं (1922–2004) गाव. दादांची गाणी आधी लोकांच्या तोंडी बसली.

पुढं लाउडस्पीकर आला, कॅसेट आली. यंत्र आलं तरी शब्द शाबूत होता. कॅसेट मागं फिरवून ओळ पाठ करता यायची.

आणि आज? 14 एप्रिलला ट्रकवर डीजेची भिंत. तिचा जाड आवाज कानाआधी छातीला धक्का देतो. अंग हलतं, डोकं बंद पडतं. गाणं भीमाचंच, पण त्यातली ओळ कुणाला सांगता येते? 85 डेसिबलला कान आठ तास टिकतो. दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी मेल्या की परत उगवत नाहीत. पूर्वी शिसं ते ओतायचे. आता आपणच वर्गणी काढून ओततो!

थांबा, लगेच टाळ्या पिटू नका, बंगलेवाले साहेब. रात्री दहानंतर भोंगा बंद, हा 2000 सालचा नियम सगळ्या देवांना नि सगळ्या मिरवणुकांना आहे. तुम्हाला तो फक्त आमच्या जयंतीला आठवतो. तुमच्या झोपेसाठी मी हे लिहीत नाही. आमच्या जागेपणासाठी लिहितोय.

तर गड्यांनो, यंत्राला शिव्या घालून काही होणार नाही. यंत्र तुमच्या खिशातच आहे. वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गळ्यात जलशाची गाणी अजून आहेत. ती माणसं गेली की गाणीही गेली. मोबाईल काढा, त्यांच्यापुढं बसा, आवाज भरून घ्या, शब्द वहीत उतरवा. भिंतीच्या भाड्यातले निम्मे पैसे ढोलकीवाल्याला नि गाणाऱ्या पोरीला द्या. मिरवणुकीत दोन भोंगे पुरेत, पण शब्द शेवटच्या माणसाला कळला पाहिजे.

बाबासाहेबांनी आपल्याला विचार करायला शिकवलं. नुसता दणका ऐकून विचार होत नाही. आधी ऐकू तर या!