आठवीपर्यंत सरकार, नववीपासून आई

१ सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग सोलापूरजवळच्या कुंभारीत आले आणि विडी कामगार बायकांच्या हातात घरांच्या किल्ल्या पडल्या. घरं शंभर-दोनशे नव्हेत, दहा हजार. वसाहतीला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं. पुढे ९ जानेवारी २०१९ ला नरेंद्र मोदींनी सोलापुरात आणखी तीस हजार घरांची पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यातली पंधरा हजार घरं कुंभारीतच ‘रे नगर’ या नावाने वाटली. त्या दिवशी भाषणात त्यांचा गळा दाटून आला होता. पंतप्रधान दोन, पक्ष एकमेकांचे वैरी आणि दोन्ही प्रकल्पांमागे धावपळ मात्र एकाच लाल बावट्यावाल्याची : माजी आमदार नरसय्या आडम, सोलापूरकरांचे आडम मास्तर.

घरांची गोष्ट अशी तारीखवार सांगता येते. या वसाहतींमधल्या पोरांच्या हायस्कुलाची येत नाही, आणि त्याचं कारण कुंभारीत नाही, मुंबईत मंत्रालयात आहे.

आधी ही पोरं कोण ते पाहू. गोदूताई वसाहतीत मोठा भरणा पद्मशाली समाजाचा. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या या समाजातले पुरुष मागावर आणि बायका विडीवर, ही सोलापूरच्या पूर्व भागाची जुनी वाटणी. रे नगरात यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक, रिक्षावाले अशी सगळ्या असंघटितांची भर पडली. त्यामुळे पोरगं घरात तेलुगू बोलतं, गल्लीत दखनी, वर्गात पाठ्यपुस्तकातलं मराठी, आणि रस्त्यापलीकडच्या शेतकऱ्याशी गाठ पडली तर कानडीही कानावर येते. मधल्या सुट्टीत मात्र या सगळ्यांचं एकमत होतं ते ‘काय बे’वर. नवरात्रात मुली बतकम्मा खेळतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ पाहायला शहरात जातात, आणि संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत हजेरीपटाकडे कडक नजरेने पाहू नये हे सोलापूरच्या कुठल्याही मास्तराला सांगावं लागत नाही.

कुंभारी सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने दहाएक किलोमीटर. अंतर फार नाही, पण मधे हद्द लागते. शहरात असताना या मुलांच्या शाळेचा मालक महापालिका होती आणि सोलापूर महापालिकेने मराठीसोबत तेलुगू, कानडी, उर्दू माध्यमाच्या शाळाही चालवल्या. कुंभारी ग्रामपंचायतीचं गाव, म्हणजे शाळा जिल्हा परिषदेची. रे नगरची घरं तर ‘शहरी’ आवास योजनेतली आणि जमीन गावाची! बिऱ्हाड टेम्पोत भरून हलवता येतं, शाळेचं माध्यम हलवता येत नाही.

शिवाय महाराष्ट्रात प्राथमिक शाळा सरकार काढतं, हायस्कूल संस्था काढते. ही रीत शंभर वर्षांहून जुनी. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरात वसतिगृह उघडलं तेही हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठीच, कारण खेड्यातला मुलगा गळायचा तो तिथेच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल काढलं ते फुकट शिक्षणाचं. सोलापुरात पद्मशाली समाजाने शिक्षण संस्था काढून कुचन प्रशाला उभी केली; मुस्लिम समाजाच्या सोलापूर सोशल असोसिएशनचं पानगल अँग्लो उर्दू हायस्कूल आहे. समाजाने इमारत बांधायची, सरकारने मास्तरांचा पगार द्यायचा, असा हा अलिखित करार. गिरणी कामगाराचा मुलगा मॅट्रिक झाला तो याच कराराच्या जोरावर.

कुंभारीतली घरं उभी राहिली तोवर हा करार मोडला होता. २४ नोव्हेंबर २००१ च्या शासन निर्णयाने नव्या शाळांना परवानगी मिळू लागली ती ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढला, मग वीस टक्के, चाळीस टक्के अशा पायऱ्यांनी अनुदान सुरू झालं आणि प्रत्येक पायरीसाठी शिक्षकांना मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलं. त्यानंतर २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. त्याचा साध्या मराठीत अर्थ असा, की शाळा काढा, पण पगाराला आमच्याकडे येऊ नका. पैसे मग कोण देणार? सोलापूरच्या जुन्या पेठांना अनुदानित हायस्कुलं मिळाली, कारण त्या पेठा लवकर वसल्या. कष्टकऱ्यांची ही नवी वसाहत वसली तेव्हा अनुदानाची खिडकी बंद झाली होती. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. दहा हजार घरंही सरकारनेच मंजूर केली आणि शाळेचं अनुदानही सरकारनेच थांबवलं.

त्यात नववीचा घाट. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी, असं नियम सांगतो. नववीची शाळा किती लांब असावी याबद्दल हा कायदा गप्प. दुपारची खिचडी आठवीपर्यंत, फुकट पुस्तकं आठवीपर्यंत, फुकट गणवेशही आठवीपर्यंत. म्हणजे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं एकदम बंद होतं आणि जूनमध्ये तीच पोर उंचीने दोन बोटं वाढून, लांबच्या शाळेत, नव्या मापाच्या गणवेशात, स्वतःचा डबा घेऊन जायची असते. वर बस किंवा रिक्षाचं भाडं. नववीत गळती का होते यावर परिसंवाद घेण्याआधी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

घरात तर नेमकं याच वयाला हात कामाला येतात. विडीचं काम बाहेरून बैठं आणि सोपं दिसतं. तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात ठेवायची, पत्र्याचा तुकडा पानावर धरून कात्रीने त्या मापाचं पान कापायचं, तंबाखू पसरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. आई वळते तेव्हा कातरायला किंवा दोरा बांधायला कोणीतरी शेजारी बसलं की हजार विड्यांचा दिवस लवकर उरकतो. ते कोणीतरी बहुतेक मुलगीच. विडी वळण्याच्या कामावर मुलं ठेवायला १९८६ च्या बालकामगार कायद्यानेच बंदी घातली होती, पण घरच्या माणसांनी मिळून चालवलेल्या कामाला त्याच कायद्याने सूट दिली. आणि विडी तर घरीच वळली जाते! कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं मानायला फारच भोळं असावं लागेल. गणिताच्या वहीला तंबाखूचा वास येतो तो असा.

मदत अगदीच नाही असं नाही. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम खात्याची शिष्यवृत्ती आहे, नववी-दहावीला वर्षाला दोन हजार रुपये. ज्या कल्याण निधीतून ती सुरू झाली त्याला विडीवरच्या उपकराचा पैसा मिळायचा. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. याहून भरघोस आहे ती आठवीत द्यायच्या एनएमएमएस परीक्षेची शिष्यवृत्ती. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार. या परीक्षेच्या सरावासाठी सुट्टीच्या दिवशी वर्ग उघडून बसणारे शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, आणि ज्या घरात शिकलेलं कोणी नाही तिथे हा बारा हजारांचा आकडा कुठल्याही भाषणापेक्षा लवकर पटतो. पण इथेही मेख आहे. विनाअनुदानित शाळेतला मुलगा या परीक्षेला बसू शकत नाही. सरकार अनुदान देत नाही म्हणून जी शाळा विनाअनुदानित राहिली, त्याच शाळेत बसतो म्हणून मुलाला शिष्यवृत्ती नाही. पोषण आहाराचंही तेच. तोही सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता.

गोदूताई परुळेकर महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर मानल्या जातात. वारल्यांच्या लढ्यावरच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दहा हजार उंबऱ्यांवर त्यांचं नाव आहे, आणि कुंभारीच्याच हद्दीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्या महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत वसाहतीतून चालत जाता येतं. प्रवेशापर्यंत जायचं तर आधी नववी, मग दहावीचे जादा तास, सराव परीक्षा, पुण्याच्या विभागीय मंडळाचा बैठक क्रमांक आणि त्यापुढे विज्ञान शाखेच्या शिकवण्यांची फी.

जानेवारी २०२४ मध्ये रे नगरात किल्ली मिळाली त्या घरातलं जे मूल त्या जूनमध्ये पहिलीत बसलं, ते जून २०३२ मध्ये नववीत जाईल. त्याची शाळा कोणत्या हद्दीत, कोणत्या माध्यमाची आणि किती टक्के अनुदानाची असेल, हे ठरवायला सरकारच्या हातात तेव्हा आठ वर्षं होती. त्यांची मोजणी आता सुरू झाली आहे.