कोपीचे नियम कोण ठरवतो?

दिवाळी सरली, सोयाबीनची सोंगणी-मळणी उरकली, की रिसोड तालुक्यातील तांड्यांवर आणि गावकुसाच्या वस्त्यांवर मालमोटारी व ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पत्र्याची पेटी, ज्वारीचे पोते, तवा-परात, पाण्याचे हंडे, एखादी शेळी, चार कोंबड्या आणि अंगावरची पोरे एवढा संसार त्यांत चढतो. घराला कुलूप लागते. मागे राहिलीच तर एखादी म्हातारी राहते. पुढचे पाच-सहा महिने हे कुटुंब पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील एखाद्या साखर कारखान्याच्या भोवतीच्या उघड्या रानात, बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकच्या कागदाने उभारलेल्या कोपीत मुक्काम करते.

याच थंडीच्या दिवसांत पुण्या-मुंबईची सुखवस्तू कुटुंबे पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला जातात. पोराबाळांना गावाकडचे आकाश दाखवावे, शेकोटीभोवती दोन रात्री काढाव्यात, ही इच्छा वाईट नाही; तिच्यावर नाक मुरडण्याचे समाजवाद्यांना काही कारण नाही. तेथेही नियम कडक असतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद (तो तर ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांचाच भाग आहे), शेकोटी ठरल्या जागीच, कचरा टोपलीत, पाण्यात उतरण्यास मनाई. हे नियम योग्यच आहेत. परंतु त्यांच्याबरोबर एक दुसरी यादी न सांगता येते. तंबू देणाऱ्याने पाणी द्यायचे, शौचालय द्यायचे, दिवा द्यायचा, राखणदार ठेवायचा. यांतले काही कमी पडले, तर राहणारा पैसे परत मागतो, तक्रार करतो, पुन्हा तेथे पाऊल टाकत नाही. नियम दोन्ही बाजूंना बांधतात, म्हणूनच तो मुक्काम सुखाचा होतो.

कोपीचे नियम याहून कितीतरी कडक आहेत. ते कोठेही लिहिलेले नाहीत आणि ते एकाच बाजूला बांधतात. काम एकट्याला मिळत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि एकट्या माणसाची गणना अर्ध्या कोयत्यात होते. पैसा हंगामापूर्वी ‘उचल’ म्हणून मुकादमाकडून घ्यायचा आणि तो टनावारीने फेडायचा. एक दिवस कामावर न गेल्यास ‘खाडा’ धरून दंड कापायचा, मग कारण ताप असो, बाळंतपण असो की घरचे मरण असो. पहाटे तीन-चारला फडात हजर व्हायचे. बाईने त्याही आधी उठून भाकऱ्या थापून ठेवायच्या. मोळ्या बांधून झाल्या तरी दिवस संपत नाही. मालमोटार मध्यरात्री आली तर मध्यरात्री ती भरायची. हंगामाच्या अखेरीस उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर चढते आणि त्याबरोबर त्या कुटुंबाचे पुढचे सालही बांधले जाते. उचलीपोटी माणसाची मोकळीक हिरावून घेणे ही १९७६ च्या कायद्याने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी आहे. तरीही साखर पट्ट्यात या प्रकाराला ‘व्यवहार’ म्हणण्याची रीत आहे.

आणि या कडक नियमांच्या बदल्यात कारखाना कशाने बांधला जातो? बहुतेक तळांवर पिण्याचे पाणी वाहून आणावे लागते, शौचालय नसते, दिवा नसतो. बाईला अंधार पडण्याची किंवा उजाडण्यापूर्वीची वाट पाहावी लागते. न्हाणीला आडोसा लुगड्याचा. तान्हे मूल उसाच्या सरीत झोळीला टांगलेले आणि सहा वर्षांची बहीण त्याच्या राखणीला. रात्री कोपीला दार नसते. साप, विंचू आणि माणूस या तिघांपासूनही संरक्षण नसते.

या परिस्थितीची किंमत शरीराने मोजावी लागते, याचा पुरावा सरकारदरबारीच नोंदलेला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या जिल्ह्यात तपासणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे दर सहा बायकांमागे एक. या बायका बीडच्या होत्या; परंतु रिसोडची बाई ज्या कोपीत राहते ती कोपी वेगळी नाही. पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती घेतली तर खाडा, दुखणे अंगावर काढावे तर ते वाढणार. अशा तळावर गर्भाशय म्हणजे कामातली अडचण वाटू लागते. नियम एकतर्फी असले म्हणजे काय होते, याचे याहून भयंकर उदाहरण शोधण्याची गरज नाही.

ही माणसे हौसेने जात नाहीत, हे सांगण्याचीही खरे तर आवश्यकता नसावी. पैनगंगा रिसोड तालुक्यातून वाहते, पण तालुक्याची बहुतेक शेती पावसाच्याच भरवशावर आहे. सोयाबीन आणि तूर यांच्यावर साल काढायचे आणि कार्तिकानंतर शिवारात मजुराला काम नाही. प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला, त्यात विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष ठळकपणे पुढे आला. त्यानंतर १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि २०१८ मध्ये देशाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव आले. जिल्हा झाला, नवे नाव मिळाले, पण कार्तिकानंतरचे काम मिळाले नाही. महाराष्ट्रात कालव्याचे पाणी जेथे गेले तेथे ऊस गेला; पाणी जेथे गेले नाही तेथून तो ऊस तोडणारा माणूस आला. एकाच राज्याच्या विकासाच्या या दोन बाजू आहेत.

कायद्याने या कुटुंबाला कोठे उभे केले आहे, हे पाहणे बोधप्रद ठरेल. १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्याच्या फाटकाच्या आत काम करणाऱ्यासाठी पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया असल्यास पाळणाघर सक्तीचे केले. १९५१ च्या मळा कामगार कायद्याने चहा-कॉफीच्या मळेवाल्यांवर मजुरांच्या घरांची जबाबदारी टाकली. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात तर खड्डे खोदण्याच्या कामावरही पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुले सांभाळण्यासाठी एका बाईची तरतूद होती. म्हणजे मजुरांच्या तळावर मालकाने काय द्यावे, याची कल्पना या देशाच्या कायद्याला नवी नाही. साखर कारखान्याच्या फाटकाच्या बाहेर, त्याच कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडावा म्हणून राबणाऱ्या कुटुंबापर्यंत मात्र ती कल्पना पोहोचलेली नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा झाला. त्यात राहण्याच्या सोयीची तरतूद होती. तो पुढे २०२० च्या संहितेत विलीन झाला, पण राज्याच्या सीमेची अट कायम राहिली. रिसोडचे कुटुंब बेळगाव जिल्ह्यात गेले तर कागदावर ‘स्थलांतरित’ ठरते आणि अलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात राहिले तर ठरत नाही. कोपी दोन्हीकडे सारखीच गळते.

कारखान्यांच्या बाजूने तीन मुद्दे नेहमी मांडले जातात आणि त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. पहिला मुद्दा असा की, तोडणी मजूर कारखान्याचे कामगार नाहीत, ते मुकादमाचे आहेत. परंतु उचलीचा पैसा कारखान्याकडून सुटतो. कोणाचा ऊस कोणत्या दिवशी तोडायचा, हे कारखान्याचा शेती विभाग ठरवतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होते. ज्याच्या हुकमाने काम चालते तो मालक नव्हे, हे म्हणणे केवळ कागदाच्या आधारावर उभे आहे.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊस उत्पादकाच्या बिलातून जातो. तेव्हा तळाच्या सोयींचा बोजा अखेरीस लहान शेतकऱ्यावर पडेल. दोन-चार एकरांचा शेतकरी हाही पीडितच आहे आणि त्याला मजुराविरुद्ध उभे करणे हा प्रस्थापितांचा जुना डाव आहे. म्हणून हा खर्च तोडणीच्या खात्यावर टाकू नये, असाच आग्रह धरला पाहिजे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ झाले आणि त्यासाठी कारखान्यांनी दर टनामागे दहा रुपये देण्याचे ठरले. तो निधी प्रथम तळावर दिसला पाहिजे. तळ दरवर्षी बहुधा त्याच रानात पडतो. एकदा बांधलेले शौचालय आणि एकदा टाकलेली नळाची रांग अनेक हंगाम पुरते.

तिसरा मुद्दा फिरत्या टोळ्यांचा. गाडी सेंटरची कुटुंबे कारखान्याजवळ एका जागी राहतात, पण ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या गावोगाव फिरतात. हे खरे आहे. त्यांच्यासाठी गावातील शाळेजवळ वा गायरानात ग्रामपंचायतीने तळाची जागा नेमून देणे आणि फिरती शौचालये पुरवणे हाच मार्ग आहे. जत्रेच्या चार दिवसांसाठी जे प्रशासन करू शकते, ते हंगामाच्या पाच महिन्यांसाठी अशक्य कसे?

येथे समाजवाद्यांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून सहकाराकडे समाजवादाचा शेजारी म्हणून पाहण्यात आले. एक सभासद, एक मत, हे त्याचे मोठे तत्त्व. पण ज्याच्या कोयत्यावाचून एक कांडेही गव्हाणीत पडत नाही, तो सभासद नाही, त्याला मत नाही, वार्षिक सभेत त्याच्या कोपीचा विषय निघत नाही. गावातले त्याचे मतही धोक्यात असते. २० नोव्हेंबर २०२४ चे विधानसभेचे मतदान नेमके या जाण्याच्या दिवसांत आले. चळवळीनेही बहुतेक लढे दरासाठीच लढवले. जानेवारी २०२४ च्या तडजोडीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, ती लढ्यामुळेच मिळाली आणि तिचे मोल कमी नाही. परंतु बोलणी दर आणि मुकादमाचे कमिशन यांभोवती फिरली. मुलांसाठी पूर्वी साखरशाळा झाल्या, पुढे गावातच हंगामी वसतिगृहे आणि २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. ती योजना नीट चालावी हे खरेच. पण मुलाला कोपीतून सोडवून आईला कोपीतच ठेवणे हा अर्धाच उपाय आहे.

राष्ट्र सेवा दलाची स्थापना १९४१ मध्ये झाली, तेव्हापासून ज्यांनी शिबिरांत दिवस काढले, त्यांना कडक नियमांचे भय नाही. पहाटेची घंटा, सफाई, श्रमदान, आपले ताट आपण घासणे, हे सर्व त्यांनी आनंदाने केले. कारण शिबिरप्रमुखही त्याच पंगतीत बसत असे आणि त्याच घंटेला उठत असे. नियमांची परीक्षा त्यांच्या कडकपणावरून होत नाही. नियम करणारा स्वतः त्यांनी बांधला जातो की नाही, यावरून होते. या परीक्षेत साखर कारखान्यांचा तळ पूर्णपणे नापास होतो.

म्हणून मागणी साधी असावी. प्रत्येक कारखान्याच्या तळावर मराठीत लिहिलेला नियमांचा फलक लागला पाहिजे आणि त्यावरचे पहिले कलम कारखान्यावर बंधनकारक असले पाहिजे: पिण्याचे पाणी, बायकांसाठी दाराचे शौचालय व न्हाणी, रात्रभर दिवा, पाळणाघर, आठवड्याला आरोग्य तपासणी आणि आजारपण-बाळंतपणात खाडा नाही. साखर आयुक्त दर हंगामाला गाळप परवाना देतात. तळाची तपासणी ही त्या परवान्याची अट करावी. ज्या तळावर पाणी आणि आडोसा नाही, त्या कारखान्याचे धुराडे पेटू नये.

या मागणीची सुरुवात कारखान्याच्या फाटकावर करण्याचे कारण नाही. ती रिसोडमध्येच झाली पाहिजे. मालमोटार हलण्यापूर्वी जाणाऱ्या प्रत्येक माणसाचे आणि प्रत्येक बाईचे नाव, तिच्या स्वतंत्र मजुरीसह, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आले पाहिजे. कोयत्यात निम्मी मेहनत तिची असेल, तर हिशेबातही निम्मी नोंद तिच्या नावाची हवी. उचलीच्या कागदाची एक प्रत कुटुंबाजवळ राहिली पाहिजे. ती यादी येथील कार्यकर्त्यांनी सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या साथींकडे पाठवावी आणि तेथील साथींनी हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात ती घेऊन तळावर जावे. मोर्चाला माणसे जमवण्यापेक्षा हे काम किचकट आहे, त्यात टाळ्या नाहीत. परंतु फाल्गुन-चैत्रात मालमोटार रिसोडला परत येईल, तेव्हा त्यातून उतरणाऱ्या बाईला कोणी तरी विचारले पाहिजे की, यंदा तळावर दिवा होता का. तिचे उत्तर ‘होता’ असे येईपर्यंत हे काम अपुरे आहे.