हंगामी कामगाराचा फंड आणि आपण सभासद



गव्हाणीत मोळी पडली की चार-पाच महिने धुराडे चालते. गाळप संपले की हंगामी कामगार घरी जातो. "पाच महिन्यांच्या गड्याला पेन्शन कशाला?" असा सवाल आपल्यातलेच काही जण करतात. आम्हांला तो मुळीच पटत नाही.

1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत हंगामी कामगारासाठी एक चांगली सोय आहे. हंगामाची नोकरी वर्षाहून कमी भरली तरी पूर्ण वर्ष धरतात. दहा हंगाम वर्गणी भरली की 58 व्या वर्षी पेन्शनचा हक्क लागतो. हिशेब सोपा आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. सप्टेंबर 2014 मध्ये पगाराची मर्यादा 15,000 रुपये झाली. त्या पगारावर पंधरा हंगामांना महिना 3,214 रुपये येतात. फार नाहीत खरे, पण म्हातारपणी पोराच्या तोंडाकडे बघायला नको!

तरी पुष्कळ गडी सहा-सात हंगाम झाले, नोकरी सुटली, की लेकीच्या लग्नाला नाहीतर बोअरला म्हणून फंडाबरोबर पेन्शनचेही पैसे काढून मोकळे होतात. झाली सेवा पुसली, पुन्हा पहिल्यापासून मोजणी. पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घेतले तर जुनी वर्षे पुढच्या नोकरीत धरली जातात, कारखाना दुसरा का असेना. हे टाइम ऑफिसने समजावून सांगायला नको काय?

आता आपल्याकडे येऊ. मालकाच्या 12 टक्के वर्गणीतले 8.33 टक्के पेन्शनकडे जातात. बिगर हंगामातल्या रिटेन्शन भत्त्यावरही वर्गणी लागते. सहकारात हा मालक म्हणजे आपणच. पैशाची ओढाताण झाली की काही कारखाने पहिल्यांदा हाच भरणा थांबवतात. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसेसुद्धा अडकतात. थकबाकीवर सालाना 12 टक्के व्याज, वर दंड वेगळा. तो शेवटी उसाच्या बिलातूनच जातो ना? आपले बिल चौदा दिवसांत मागायचे आणि कामगाराचा फंड वर्षभर लोंबकळत ठेवायचा, हा न्याय कुठला?

तोडणीवाल्याची गत तर आणखी वाईट. तो मुकादमाच्या उचलीवर येतो; त्याचा हंगाम फंडाच्या कुठल्याच वहीत चढत नाही. त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

तूर्त एवढेच, की वार्षिक अहवालात फंडाचा भरणा कोणत्या महिन्यापर्यंत झाला हे छापावे, आणि सभासदांनी साधारण सभेत ते वाचून विचारावे.