राखणदार हवा, तर पिल्लाच्या पोटाचाही हिशेब ठेवा

शेतकरी बंधूंनो, गोठ्यात वासरू जन्मले की आपण लगेच हिशेबाला लागतो. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध, मग काफ स्टार्टर, मग हिरवा चारा. शेळीच्या करडालाही कोणी अंदाजपंचे वाढवत नाही. पण त्याच वस्तीवर राखणीसाठी आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचे काय? सकाळची उरलेली अर्धी भाकरी, वर ताकाचा शिंतोडा, झाले! आणि सहा महिन्यांनी आपणच म्हणणार, "कसलं कुत्रं आणलं, भुंकतसुद्धा नाही. खायला काळ अन् भुईला भार." दोष कुत्र्याचा नाही, हिशेबाचा आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. पिल्लू लहान, म्हणून त्याचे पोटही लहान, हा समज चुकीचा आहे. वाढत्या पिल्लाला किलोमागे मोठ्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट अन्न लागते. पाच महिन्यांचे दहा किलोचे पिल्लू आणि वीस किलोचा पुरा वाढलेला कुत्रा, दोघांची गरज फारशी वेगळी नसते. आपण मात्र मोठ्याला तीन भाकरी घालतो आणि पिल्लाला अर्धी.

आता हिशेब भाकरीतच करू. शंभर ग्रॅम पिठाच्या बाजरीच्या भाकरीत साधारण साडेतीनशे उष्मांक असतात. दोन किलोच्या पिल्लाला दिवसाला एका भाकरीइतके अन्न लागते. पाच किलोच्या, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या पिल्लाला दोन भाकरींइतके. दहा किलोला सव्वादोन ते पावणेतीन. वीस किलोच्या मोठ्या कुत्र्याला तीन. वजन करायला दवाखान्यात जायला नको. पिल्लू पिशवीत घालून स्प्रिंगच्या काट्याला लावा. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी वजन करा आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवा. वजन वाढले की माप वाढवायचे.

पण 'दोन भाकरींइतके' म्हणजे दोन भाकरीच घाला, असे नव्हे बरे का. बाजरीत प्रथिने दहा-अकरा टक्के. पिल्लाच्या सुक्या आहारात ती वीस-बावीस टक्के लागतात. नुसत्या भाकरीवर पोट भरेल, अंग भरणार नाही. पाच किलोच्या पिल्लाला एक भाकरी, दोन उकडलेली अंडी आणि दीड कप दूध किंवा दही दिले, तर उष्मांक तेवढेच राहतात आणि प्रथिने जवळजवळ दीडपट होतात. अंडी रोज परवडत नसतील तर शिजवलेली डाळ, मटणाचे शिजवलेले तुकडे यांची जोड द्या. दुधाने जुलाब लागले तर दूध कमी करून दही वाढवा. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खायला घाला. पाणी मात्र सदैव समोर हवे.

काय घालू नये, हेही पाहू. आपला जिल्हा कांद्याचा, त्यामुळे उरलेल्या कालवणात कांदा-लसूण असणारच. तो कुत्र्याच्या रक्ताला घातक आहे. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. बुरशी आलेली भाकरी किंवा शेंगदाणे यांत विष असते. शिजवलेली कोंबडीची हाडे तुटून आतड्यात रुततात. गाईसाठी आणलेली कॅल्शियमची बाटली पिल्लाच्या तोंडात ओतू नका. मोठ्या हाडापेराच्या पिल्लाला जादा कॅल्शियम अपाय करते.

माप बरोबर आहे की नाही, हे हाताने कळते. बरगड्या बोटांना लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. बरगड्या वर आणि पोट मात्र माठासारखे, तर समजा, जंत झाले. पिल्लाला जंत आईच्या पोटातूनच येतात. अशा वेळी कितीही घाला, खाणारे दुसरेच असतात. म्हणून दोन आठवड्यांचे झाल्यापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध सुरू करा.

उलट चूकही अलीकडे दिसते. कोणी हौसेने लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड आणतो आणि लाडाने कोंबून खाऊ घालतो. 2002 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 48 लॅब्रेडॉर कुत्री लहानपणापासून जोडीजोडीने वाढवली होती. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले. कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षे जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. उपासमार नको, तशी लूटही नको.

कोणी म्हणेल, "आमच्या आज्या-पणज्यांनी कुठं मोजून घातलं? कुत्रं उकिरड्यावर वाढतं." वाढत असेल, पण एका विणीतली किती पिल्ले जगत होती, हेही आठवा. शिवाय आता दिवस बदलले आहेत. भुकेले पिल्लू रात्री उकिरडा हुंगत फिरते आणि उसात बिबट्या बसलेला असतो. आपल्याच अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचे खाणे तपासले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा 11 टक्केच होता. म्हणजे कुत्रा नुसता राखणदार नाही, तो बिबट्याचे आवडते खाद्यही आहे. म्हणून शेवटचे खाणे दिवस मावळण्याआधी घाला आणि पिल्लू रात्री दार असलेल्या खोपटात किंवा जाळीत कोंडा. आतून ते भुंकले तरी राखण होते. उरलेले अन्न अंगणात ठेवू नका. पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी बांधावर टाकणे तर बिबट्याला आवतण देणेच आहे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही दोन शब्द. भटक्या कुत्र्यांची तक्रार ग्रामसभेत होते, ठराव होतो आणि कागद फायलीत जातो. आजचे उपाशी पिल्लूच उद्याचे मोकाट कुत्रे होते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही नगरपालिकांपासून ग्रामपंचायतींपर्यंत स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. लाळ-खुरकताच्या लसीचे शिबिर गावात लागतेच. त्याच दिवशी तीन महिन्यांवरील पिल्लांना रेबीजची लस आणि जंताचे औषध मिळेल, अशी व्यवस्था पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून करता येईल. फार खर्चाचे काम नाही, ठरवायचे तेवढे आहे.

आणि शेतकरी बंधूंनो, दोन कुत्री पोसायची ऐपत असेल तर पाच ठेवू नका. पिल्लू दोन महिन्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नका. एकच ठेवा, पण वजन करून, मापाने घालून वाढवा. रोजची दोन अंडी आणि दीड कप दूध आज महाग वाटेल. एका शेळीची किंमत त्याच्या शेजारी लिहा आणि मग ठरवा.