शब्दविचार : एका ‘असावें’ची किंमत

माझी एक पुतणी आज सहा वर्षें जर्मनींत आहे. तेथील एका लहानशा संग्रहालयांत ती काम करते. त्या संग्रहालयाचा इतिहास जर्मन भाषेंत लिहिलेला होता. तो परदेशच्या प्रेक्षकांसाठीं इंग्रजींत उतरविण्याचें काम तिच्याकडे आलें. गेल्या महिन्यांत तिचें पत्र येथें परतुरास आलें; पत्र म्हणजे हल्लींचें, क्षणांत पोंचणारें. त्यांत तिनें लिहिलें होतें, “काका, सगळें भाषांतर झालें, पण एका एवढ्याशा शब्दापाशीं अडलें आहें. लहानपणीं तुम्हीं आमच्याकडून अमरकोश पाठ करवून घेतलात. तेव्हां आतां तुम्हींच वाट दाखवा.”

मला जर्मन येत नाहीं. परंतु अव्यय कोणत्याहि भाषेंतलें असो, त्याची जात एकच. म्हणून मीं तिच्याकडून सर्व नीट समजून घेतलें. शब्द होता ‘व्होल’. हें क्रियाविशेषण. त्याचा मूळ अर्थ ‘बरें’, ‘नीट’ असा. पण वाक्याच्या मध्यें, जोर न देतां तो आला, कीं ‘असें असावें, असा माझा तर्क आहे’ एवढें सगळें तो एकटा सांगतो. आणि जोर देऊन उच्चारला, तर उलट ‘खचित’ असाहि अर्थ निघतो. संग्रहालयांत एक लांकडी मुखवटा आहे. एका जर्मन अधिकाऱ्यानें तो आफ्रिकेंत ‘व्होल’ विकत घेतला, असें मूळ वाक्य. आतां इंग्रजींत काय लिहावें?

‘प्रॉबेब्ली’ लिहावें, तर संभव अधिक आहे एवढेंच कळतें. हा लिहिणाराचा तर्क आहे, ही सूचना त्यांत फिकी पडते. ‘नो डाउट’ लिहावें, तर त्याचा अक्षरार्थ निःसंशय; पण इंग्रजी लिहिणारा हे दोन शब्द घालतो, तेव्हां बहुधा त्याच्या पदरीं पुरावा नसतो, नुसता अंदाज असतो. तिच्या वरिष्ठांनीं सोपा उपाय सुचविला, कीं तो शब्दच गाळून टाकावा. वाक्य सुटसुटीत होईल, आणि पाहावयास येणाऱ्यास त्याचें काय?

हें वाचतांच मला अमरकोशांतलें ‘नूनम्’ आठवलें. अमरसिंहानें त्याचे दोन अर्थ दिले आहेत : एक तर्क आणि दुसरा निश्चय. एकाच शब्दाच्या पोटांत शंकाहि आहे व खात्रीहि आहे. ‘व्होल’ हा त्याचा जर्मन भाऊच म्हणावयाचा. ‘किल’चेहि असेंच. त्याचे अर्थ वार्ता आणि संभाव्य. म्हणजे जें कानांवर आलें तें, आणि जें घडलें असण्याचा संभव आहे तें. पाणिनीनें तर, जें आपण डोळ्यांनीं पाहिलें नाहीं अशा परोक्ष भूतकाळासाठीं क्रियापदाचा लकारच निराळा ठेवला. पाहिलेलें कोणतें, ऐकलेलें कोणतें आणि तर्कानें काढलेलें कोणतें, हा भेद आपल्या पूर्वजांना इतका महत्त्वाचा वाटला, कीं तो त्यांनीं व्याकरणांत नेऊन बसविला.

मराठीला तर ‘व्होल’साठीं निराळा शब्द शोधण्याचेंहि कारण नाहीं. ‘मुखवटा विकत घेतला असावा’ म्हटलें, कीं काम झालें. आपण तर्क क्रियापदांतच ठेवतों. ऐकीव गोष्ट असेल तर शेवटीं ‘म्हणे’ जोडतों. ‘आहे’, ‘असेल’, ‘असावें’, ‘आहे म्हणे’ या चार पायऱ्या घरांतलें पांच वर्षांचें मूलहि बिनचूक चढतें. इंग्रजी किंवा जर्मन शिकतांना आपलीं मुलें ज्यासाठीं धडपडतात, तें त्यांना घरींच मिळालेलें असतें.

परंतु घरीं मिळालेलें आपण सांभाळतों काय? यावर माझीच एक गोष्ट सांगतों. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्या बाजूच्या एका खेडेगांवीं देवालयाचा जीर्णोद्धार झाला. त्या प्रसंगीं पुस्तिका काढण्याचें ठरलें, व माहिती लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. खांबांची घडण पाहून मीं लिहिलें, कीं हें देवालय यादवकालीन असावें. छापून आलें तें ‘हें देवालय यादवकालीन आहे’ असें. विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, “गुरुजी, ‘असावें’ म्हटलें कीं वर्गणी देणाऱ्याचा हात आंखडतो.” मी हंसलों आणि गप्प बसलों. चूक झाली ती येथें.

दहा-बारा वर्षांनीं एक होतकरू विद्यार्थी आपला निबंध दाखवावयास आला. त्यांत तें देवालय यादवकालीन म्हणून दिलें होतें, आणि पुढें शतकहि घातलें होतें. “याला आधार काय?” मीं विचारलें. त्यानें पिशवींतून तीच पुस्तिका काढून माझ्यापुढें ठेवली. माझाच तर्क वेष पालटून पुरावा म्हणून माझ्या दारीं आला होता! त्या मुलाला खरें काय तें सांगतांना मला जी लाज वाटली, ती आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या चुका सुधारणाऱ्या माणसाला पुरेशी होती.

मोठ्या संग्रहालयांतहि हाच प्रश्न असतो. आमच्या जालना जिल्ह्यांतील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ सालीं नागपूर विद्यापीठ व तेव्हांचें मराठवाडा विद्यापीठ यांनीं तेथें उत्खनन केलें, त्यांत हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा तुकडा सांपडला. इटलींतील पॉम्पेई हें नगर इ. स. ७९ सालीं ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें १९३८ सालीं सांपडलेली हस्तिदंती भारतीय मूर्ति आणि हा तुकडा यांचें साम्य पाहणाऱ्यास चकित करतें. मग पॉम्पेईची मूर्ति भोकरदनच्या कारागिरानें घडविली काय? घडविली असावी, असें आपल्या मनाला फार वाटतें. पण त्या मूर्तीवर खरोष्ठी लिपींतील अक्षर आहे, आणि ती लिपि वायव्येकडची. तिला प्रथम लक्ष्मी म्हटलें गेलें. पुढें अनेक विद्वानांनीं ती यक्षी ठरविली. तेव्हां जिल्ह्याचा अभिमान कितीहि असला, तरी ‘असावी’च्या पुढें पाऊल टाकतां येत नाहीं.

वाघनखांचें उदाहरण तर ताजेंच आहे. १६५९च्या नोव्हेंबरांत प्रतापगडाच्या पायथ्याशीं काय घडलें, तें सांगण्याची आवश्यकता नाहीं. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें २०२४च्या जुलैंत तीन वर्षांच्या मुदतीनें साताऱ्याच्या संग्रहालयांत आलीं. त्यांच्याबरोबरच्या पेटीवर ठाम शब्दांत लिहिलें आहे, कीं हीं शिवाजीमहाराजांचीं असून ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असतांना त्यास मिळालीं. परंतु महाराजांनीं वापरलीं तीं हींच, याची खात्री करतां आलेली नाहीं, असें तें संग्रहालय स्वतःच सांगतें. यांत महाराजांच्या पराक्रमाला तिळमात्र उणेपणा येत नाहीं. उलट खात्री नाहीं तेथें खात्री आहे असें म्हणण्यानें, जें निर्विवाद आहे त्यावरचाहि लोकांचा विश्वास ढळतो.

आणि मुखवट्याच्या बाबतींत तर न्यायाचाच प्रश्न आहे. १८९७ सालीं इंग्रज फौजेनें आफ्रिकेंतील बेनिन नगर लुटलें. त्या लुटींतील कित्येक मूर्ति व पत्रे पुढें जर्मन संग्रहालयांत पोंचले. त्यांपैकीं २० वस्तु जर्मनीनें २०२२च्या डिसेंबरांत नायजेरियास परत केल्या. वस्तु विकत घेतली कीं हिरावून घेतली, यावर जेथें परतफेड अवलंबून असते, तेथें ‘विकत घेतली असावी’ याचें ‘विकत घेतली’ करणें म्हणजे मूळ धन्याच्या वंशजांसमोर दार लावून घेणें होय. एक अव्यय गाळल्यानें खोटें खरेदीखत तयार होतें.

मीं पुतणीस लिहिलें, “बाळ, शब्द गाळूं नकोस. तुझ्या सांगण्यावरून ‘प्रिझ्युमेब्ली’ जवळचा वाटतो, कारण त्यांत गृहीत धरल्याची कबुली आहे. आणि पुढें एक वाक्य घाल, कीं खरेदीचा कागद संग्रहांत नाहीं. जेथें एका शब्दाला एक शब्द पुरत नाहीं, तेथें वाक्य खर्चावें. कंजूषपणा करूं नये.” तिचें उत्तर परवां आलें. वरिष्ठांनीं प्रथम कुरकुर केली, पण मग जुन्या नोंदवह्या पुन्हां काढून पाहिल्या. कागद सांपडला नाहीं. शब्द राहिला, आणि वाक्यहि राहिलें.

वाचकहो, संग्रहालय कांहीं प्रत्येकाच्या घरीं नसतें. पण कुलवृत्तांताचें बाड पुष्कळांच्या कपाटांत असतें. आपले मूळ पुरुष अमुक गांवाहून आले, त्यांना अमुक सनद मिळाली, असें आपण मुलांना मोठ्या आवडीनें सांगतों. अवश्य सांगावें. परंतु तें बाड पुढच्या पिढीच्या हातीं देण्यापूर्वीं एकदां सर्वांनीं मिळून वाचावें. आणि जेथें कागद नाहीं, आजीच्या तोंडची गोष्ट आहे, तेथें समासांत ‘असें सांगतात’ हे दोन शब्द शाईनें लिहून ठेवावेत. त्यानें आजीचा मान कमी होत नाहीं, आणि नातवाला पुढें खालीं मान घालावी लागत नाहीं.